भाद्रपदातला हंस

त्या घरात हाक मारायला बंदी होती.

खोली बघायला गेलो तेव्हा मालकानं मला दुसरं काही विचारलंच नाही. जात, गाव, मूलबाळ, मटण खाता का, हे सगळं विचारल्याशिवाय त्या काळी औरंगाबादेत कुणी खोली देत नसे, म्हणून मी उत्तरं घोकून गेलो होतो. हा गृहस्थ अंगणात खाटेवर माझ्याकडं पाठ करून बसलेला. बिडीची राख चिमटीत धरून त्यानं हवेत सोडली, ती कुठं जाते ते बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हावा की. फकस्त एक सांगतो. इथं कुणी कुणाला हाक मारायची नाय. ज्याला बोलवायचं त्याच्यापाशी जायचं आन् सांगायचं."

मला वाटलं, चला, शांत स्वभावाचा मालक मिळाला. कसली शांतता आणि कसलं काय! बेगमपुऱ्याची गल्ली ती. दूधवाला आला की ओरडणार, भाजीवाली ओरडणार, मी अंघोळीला बसलो की पंचा राहिला म्हणून मीच ओरडणार. मालक दरवेळी उठून जायचा आणि ओरडणाऱ्याच्या पुढं उभा राहायचा. बोलायचा काही नाही. भाजीवालीनं शेवटी त्या दारापुढं आलं की तोंडावर पदर धरायला सुरुवात केली. आमच्या हिनं एकदा त्याला तोंडावर विचारलं, "अहो, उद्या घराला आग लागली तर काय चालत येऊन सांगायचं का तुम्हाला?" त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "आग लागली तर परात वाजवा, वैनी."

बंदी त्याची, तशी आणखी एक बंदी होती ती खालाची, म्हणजे घरातल्या मुसलमान म्हातारीची. रस्त्यावरचं मोठं दार लावायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही, थंडीत नाही. कुत्री आत यायची, शेळ्या यायच्या, एकदा एक वऱ्हाडाचा घोडा आत आला. दार उघडंच. खाला मागच्या खोलीत राहायची आणि तिची खाट अशी ठेवलेली होती की पडल्यापडल्या सरळ रस्ता दिसावा. ती मालकाची कुणी लागत नव्हती. हा गोदाकाठच्या पाटलाच्या घरातला मराठा, आणि ती त्याच्या लहानपणच्या दोस्ताची आई. दोस्त अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत कराचीला निघून गेला, सवड मिळाली की आईला न्यायला येणार, तोवर तिला हा सांभाळतोय, असं सगळी गल्ली जाणून होती. कराचीला गेलेल्यांची वाट बघणारी घरं तेव्हा बेगमपुऱ्यात बरीच होती. कुणी जास्त विचारत नसे.

मी टपाल कचेरीत कारकून. हे कळल्यापासून खालाचं माझ्याकडं रोजचं काम लागलं. मी संध्याकाळी सायकल आत घेऊन तिच्या दारापाशी आलो की ती विचारायची, "बाबू, कराची की डाक आई क्या?"

"नाही खाला, आज नाही."

"कल आएगी," ती मलाच धीर द्यायची.

आता वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला हौस नाही, म्हणून सांगूनच टाकतो. तिचा मुलगा कराचीला गेला नव्हता, ती गोष्ट मालकानंच तिला सांगितली होती. तो कधीच मेला होता, आणि हे आमच्या मालकाशिवाय त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. तिला सांगायचं की नाही, या एका गोष्टीत त्या माणसाचं सगळं आयुष्य अडकून बसलं होतं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मी त्याला चक्रम समजत होतो, आणि समजायला कारणंही भरपूर होती.

पहिलं कारण म्हणजे माळ्यावरचे हंस.

हिवाळ्यात उत्तरेकडून हंस येतात. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागं दोन काळे पट्टे. धरण होण्याआधी पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरीचं पात्र उघडं पडायचं, तिथं वाळूवर आणि काठच्या हरभऱ्यात ते थव्यानं उतरत. शिकारी लोक त्यांना फसवायला खोटे हंस मांडतात. खऱ्याला वरून वाटतं, आपलीच माणसं खाली निवांत चरताहेत, आणि तो उतरतो. या खोट्या हंसांना मालक पुतळे म्हणायचा. ते त्याच्या दोस्तानं केलेले होते. खालाचं माहेर कागजीपुऱ्याचं, घरात पिढ्यान् पिढ्या कागद करायचा धंदा. आजोळी शिकलेला तो पोरगा कागदाचा लगदा कुटायचा, त्यात मेथीचं पीठ घालायचा, मडक्यावर थापून वाळवायचा आणि वर जवसाचं तेल पाजायचा. दहिवर पडलं तरी पुतळा भिजत नसे. खाली वाळूत रोवायला बाभळीची खुंटी. मान मात्र वेगळी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, भोकात बसवायची आणि काढायची.

माना दोन तऱ्हेच्या होत्या, प्रत्येक पुतळ्याला दोन्ही. एक खाली वाकलेली, चरणाऱ्या हंसाची. दुसरी ताठ, वर उभी, राखण करणाऱ्याची.

"सगळ्या थव्यात वर मान एखाद्याचीच," मालक मला सांगायचा. "तो राखतोय म्हनून बाकीचे खात्यात. सगळ्यांच्या माना वर झाल्या की समजायचं, भ्यालेत. मंग वरचा थवा उतरत नाय. काय बी करा."

यावरून त्यानं माणसं ओळखायचं एक शास्त्रच काढलं होतं. मान बघा आधी, म्हणायचा. आमच्या पोस्टमास्तराला एकदा रस्त्यात पाहिलं आणि म्हणाला, "लई भ्यालेला माणूस हाय तुमचा सायेब. मान बघा." मी हसलो. पुढं महिन्याभरात पोस्टमास्तरावर चौकशी बसली.

दर हिवाळ्यात, कापसाच्या जिनिंगमधल्या देखरेखीच्या नोकरीला रजा टाकून, हा माणूस पुतळ्यांची पोती घेऊन पैठणच्या मोटारीत बसायचा. बरोबर बंदूक नाही. मी एकदा सोबत गेलो. पहाटे त्यानं वाळूवर पुतळे मांडले, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं, माना खाली, एक तेवढा राखणदार. मग वाळूत खणलेल्या खड्ड्यात आम्ही दोघं बसलो, वर लव्हाळ्याची ताटी. उजाडलं आणि थवा आला. डोक्यावरून दोनदा फिरला आणि अगदी समोर, हातभर अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, उतरला. खरे आणि खोटे एकमेकांत मिसळले. मला तर वेगळे ओळखू येईनात. मालक गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत बसला होता. ऊन वर आलं, थवा उठून गेला, त्यानं पुतळे गोळा केले.

"मारायचं नाही तर मांडता कशाला?" मी चिडून विचारलं. थंडीनं माझी हाडं गोठली होती.

"मांडल्यावर येत्यात."

"आले की?"

"बसत्यात. आन् जात्यात. कुणाला काय होत नाय." एवढं बोलून तो पोत्यांची तोंडं बांधायला लागला.

मोटारीत बसल्यावर मात्र आपणहून म्हणाला, "पयले मी हंसाचा आवाज काढायचो. पुतळे त्याचे, आवाज माझा. हंसच काय, पारध्यांना बी कळायचं नाय खरा का खोटा. आता नाय काढत." का, म्हणून मी विचारलं. त्यानं खिडकीबाहेर बिडीची राख टाकली आणि वारा बघितला.

दुसरं कारण बाजरीचं. भोगीला आमच्या हिनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी असं ताट त्याला नेऊन दिलं. तो खाटेवरून उठून उभा राहिला. भाकरीकडं बघत राहिला आणि ताट तसंच परत तिच्या हातात दिलं. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकला. ही रडकुंडीला आली. "सणाचं ताट हो! काय विष घातलं होतं का मी?" खाला आतून म्हणाली, "उसकू बाजरा नै चलता, बेटी. मेरे बेटे कू लई पसंद है. इससे देखाच नै जाता." त्या घरात ज्वारीच यायची. खालालाही बाजरी आवडायची, पण त्याच्यासाठी तिनं ती सोडली होती.

मग एका पौषात त्याचा थोरला भाऊ आला.

त्या घरात मालकाच्या रक्ताचं म्हणावं असं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मालक वाटणीवर पाणी सोडून गाव सोडून आलेला, तिकडच्या कुणाचं नाव काढायचा नाही. भाऊ दारातूनच मोठ्यानं हाक मारत आला. मालक खाटेवरून उठला आणि त्याची मान ताठ झाली. मी ओट्यावर दाढी करत होतो, आरशात मला ती दिसली. भ्याला की काय हा, माझ्या मनात आलं.

भावाचं काम असं होतं की कुणी मोठा साहेब गावाकडं शिकारीला येणार होता. धरणाची बोलणी सुरू होती, कुणाची जमीन पाण्यात जाणार आणि कुणाची राहणार, हे त्या साहेबाच्या हाताखालून जाणार होतं. साहेबाला हंस हवे होते. "पुतळे घेऊन ये आन् तू आवाज काढ," भाऊ म्हणाला. "तुझ्यासारखा आवाज पंचक्रोशीत कुणाचा नाय, मी शब्द दिलाय सायबाला."

"नाय जमणार."

"का?"

"तुला म्हाईत नाय का?"

भावानं मागच्या खोलीकडं पाहिलं. आवाज खाली आणला, पण ओट्यावर मला ऐकू आलंच. "मंग मी आत जाऊन म्हातारीला सांगतो, तिचा पोरगा कोणत्या बांधाला पुरलाय ते. कुणी बोलावून आणला होता ते बी सांगतो."

माझा वस्तरा गालावरच थांबला. मालकानं हातातली बिडी खाटेच्या पायावर विझवली. मग म्हणाला, "पुतळे मांडतो. आवाज नाय."

त्या रविवारी त्यानं मला सोबत चला म्हटलं. मी का गेलो, सांगता येत नाही. त्याला एकट्याला पाठवायला मन घेईना एवढंच. वाळूवर साहेब आला, दोन बंदुका, थर्मास, गळ्यात दुर्बीण, मागं चार-पाच हांजी हांजी करणारे. साहेबाला ताटीमागं बसवून मालक पुतळे मांडायला गेला. अंधार होता अजून. मी पोतं धरून त्याच्यामागं. तो एकेक खुंटी रोवत होता आणि पोत्यातून मान काढून बसवत होता. दुसऱ्या-तिसऱ्या पुतळ्याला माझ्या लक्षात आलं. तो सगळ्यांना ताठ माना बसवत होता.

"अहो..." मी म्हटलं.

"गप ऱ्हावा, बाबू."

उजाडलं. थवा आला. मी इतका मोठा थवा त्याआधी पाहिला नव्हता. ते एकदा फिरले, खाली आले, पाय सोडले त्यांनी उतरायला, आणि खालचं ते सगळं ताठ मानांचं रान दिसल्याबरोबर गलका करत वर उठले आणि नदीपार निघून गेले. दुसरा थवा तसाच गेला. तिसरा तर खाली आलाच नाही. साहेब आधी हसला, मग घड्याळ बघायला लागला, मग भावाला इंग्रजीत काहीतरी बोलला. भावाला इंग्रजी येत नव्हतं, पण तोंडचं पाणी पळालं त्याच्या. तो ताटीमागून वाकून मालकापाशी आला. "आवाज काढ. माझी अब्रू जातीय. काढ म्हनतो ना!"

मालक उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा. म्हणाला, "दादा, तुझ्या शब्दावर एकदा काढला. तेवढा बास झाला."

साहेबाला यातलं काय कळणार! त्याला हातात भरलेली बंदूक आणि समोर काहीच नाही, याचा राग. त्यानं ती उचलली आणि पुतळ्यांवर झाडली. एक पुतळा उडाला. कुणीतरी टाळी वाजवली. दुसरा उडाला, तिसरा. भाऊसुद्धा हसला, खोटं, साहेबाकडं बघत. आणि मालक चालायला लागला. सरळ पुतळ्यांमध्ये. भाऊ किंचाळला, "अरे बाजूला हो! सायेब, थांबा, थांबा!" मालक खाली बसला आणि तुकडे वेचायला लागला. साहेबानं बंदूक खाली घेतली, दोन शिव्या हासडल्या आणि जीपकडं गेला. मग मीही गेलो आणि वेचू लागलो. छऱ्यांनी पुतळ्यांची चाळण झाली होती. इतक्या वर्षांचा तो कागद, पण तुटला तो फळीसारखा, कडक.

तिथंच, वाळूवर बसून, त्यानं मला सांगितलं. माझ्याकडं बघत नव्हता.

"रझाकारांनी आमच्या गावाला लई छळलं व्हतं. ते खोटं नाय. पोलीस ॲक्शन झाली आन् ते सगळे पळाले. गावाच्या हाताला लागायला उरला कोण, तर हा. बाप निजामाच्या करोडगिरी नाक्यावर शिपाई व्हता, एवढाच ह्याचा गुन्हा. ह्याला तर बंदूक बी धरता यायची नाय नीट. पुतळे करायचा. त्याला मी आमच्या बाजरीत लपवला. भाकरी न्यायचो. म्हातारीला आधीच कागजीपुऱ्याला पोचती केली व्हती. चार रोज गेले आन् दादा म्हनला, मिलिट्री आलीय, तिच्या ताब्यात देऊ, जीव वाचंल त्याचा. मी म्हनलो, शपथ घे. त्यानं देवघरात बेलभंडारा उचलला. खंडोबाचा. बाबू, आमच्या घरात बेलभंडारा उचलून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं. मी इश्वास ठेवला."

तो हातातल्या पुतळ्याच्या पोटातली वाळू झाडत राहिला.

"बाजरी डोक्याच्या वर. तो कुठं बसलाय ते मलाच धड म्हाईत नाय, जागा बदलायचा. नावानं हाक मारली असती तर आला नसता, इतका हुशार. मी बांधावर उभा ऱ्हायलो आन् हंस काढला. भाद्रपदात! कार्तिकाच्या आत आपल्याकडं हंस येत नसतो. म्हनजे मीच. दुसरं कुणी नाय. त्यानं ओळखलं. हसत भायेर आला. म्हनला, 'इत्ते जल्दी आ गए क्या रे हंसां?' तेवढंच बोलला. मंग ते बांधामागनं उठले. दादा बी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या माणसाची मला इतकी दया आली, आणि देवघरात भंडारा उचलणाऱ्या त्या हाताचा इतका संताप, की आजही ते ओसरलेलं नाही.

घरी आल्यावर खालानं पोतं उघडायला लावलं. एकेक तुकडा चाचपला. "किस मुए ने मारा रे इनकू? वो आएगा तो मेरे पे बिगडेगा." आणि त्या दिवसापासून म्हातारी कामाला लागली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं येत होतं. मी कचेरीतला रद्दी कागद आणून दिला. हिनं मेथी भिजवून वाटली. खाला लगदा कुटायची, भोकं बुजवायची, उन्हात ठेवायची. मुलाच्या हातचं काम ती दुरुस्त करत होती आणि दर थोड्या वेळानं दाराकडं बघत होती. मालक तिला पाणी आणून द्यायचा. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

त्यानंतर तो मला रोज म्हणायचा, "आज सांगतो तिला. दादानं सांगायच्या आधी मी सांगतो." आत जायचा. आम्ही दोघं नवराबायको इकडं कान लावून. थोड्या वेळानं बाहेर यायचा. "पान संपलंय तिचं," म्हणायचा आणि पानाच्या दुकानाकडं निघायचा.

मी म्हणायचो, नका सांगू. काय मिळणार सांगून? आशेवर जगतेय, आशेवर जाऊ द्या. यावरून आमच्या घरात भांडणं व्हायला लागली. ही म्हणायची, "तुम्हा पुरुषांना काय कळतंय! आईला माहीत असायला पाहिजे. ती वर जाईल आणि पोरगा तिथं आधीच बसलेला. काय वाटेल हो तिला? इतकी वर्षं दार उघडं ठेवलं ते कुणासाठी?"

"तुझं आपलं काहीतरीच," मी म्हणायचो. पण त्या रात्री मला झोप यायची नाही.

मालक दोघांचं ऐकून घ्यायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. भाऊ परत आला नाही. पण दाराशी कुणाची पावलं वाजली की मालकाची मान वर व्हायची. सगळा उन्हाळा आणि पावसाळा त्यानं तशा ताठ मानेनं काढला. खंगत गेला. त्याच्यापेक्षा म्हातारी बरी दिसायची.

भाद्रपदात खाला पडली ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेला आणि जाताना मला बाहेर बोलावून मान हलवली. गौरी बसल्या होत्या, गल्लीच्या टोकाला ढोल वाजत होते. टळटळीत दुपार. ही खालाचे पाय चोळत बसली होती, मी दाराशी, मालक खाटेजवळ जमिनीवर.

खालानं डोळे उघडले. मला विचारलं नाही डाक आली का म्हणून. त्याला म्हणाली, "बेटा, वो आवाज निकाल."

"कौनसा, खाला?"

"हंस का. मेरी हाँक पे वो कब्बी नै आया. खाना ठंडा हो जाता था, मैं चिल्ला चिल्ला के मरती थी. तेरी एक आवाज पे दौड़ के आता था. निकाल. जहाँ बी है, सुनेगा."

"खाला, भादों चल रा. अब्बी हंसां नै आते."

"मेरेकू हंसां नक्को," म्हातारी म्हणाली. "मेरा बेटा होना."

तो उठला. मला वाटलं, आता पान आणायला जाईल. गेला नाही. खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यानं हंस काढला.

मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता. नाकातून ओढल्यासारखा, खर्जातला, मध्येच फुटणारा. माणसाच्या गळ्यातून निघाला असं वाटेना. त्यानं पुन्हा काढला. पुन्हा काढला. जिथं कुणी कुणाला साधी हाक मारत नव्हतं ते घर त्या आवाजानं भरून गेलं. गल्लीतली पोरं खेळायची थांबली. खाला दाराकडं बघत होती. मी मालकाकडं पाहिलं, तर तोही दाराकडंच बघत होता. उघड्या दारातून रस्ता दिसत होता, त्यावर ऊन होतं, आणि कुणी नव्हतं.

"आया क्या?" खालानं विचारलं.

तो तिच्यापाशी जाऊन बसला. तिचा हात धरला नाही, आपले हात मांडीखाली दाबून धरले. "आया था, खाला. भौत पयले. पोलीस ॲक्शन में. हमारे बाजरे में छुपा था. मैंने ऐसीच आवाज निकाली, तो निकल के आया. मेरे भाई लोगां ने मार डाला उसकू. मेरेकू बोले थे, नै मारते. मैंने बुलाया, खाला. मैंनेच बुलाया उसकू."

आमच्या हिचे हात थांबले. ढोल वाजत होते. मला वाटलं, आता म्हातारी किंचाळेल, नाहीतर त्याच्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकली तरी तिला कोण काय म्हणणार होतं! ती वर छताकडं बघत पडून होती. ओठ हलत होते. मग तिनं विचारलं, "खाके निकला था?"

मालकाला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "हौ, खाला. सुबू मैंने भाकरी दी थी. पूरी खाया. प्याज के साथ."

"बाजरे की?"

"बाजरे की."

"हौ," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं, ते हिनं पदरानं टिपलं. मालक आता हमसून हमसून रडत होता, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. खालानं त्याला गप केलं नाही. जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं तिनं मान वळवली आणि म्हणाली, "बेटा, वो दरवाजा लगा दे अब. हवा आ री."

तो उठला, अंगण ओलांडून गेला आणि मोठं दार ओढलं. पावसानं लाकूड फुगलं होतं, कडी गंजून गेली होती, बसेना. मग मी गेलो, आणि आम्ही दोघांनी मिळून ती बसवली.